रोव्हर चालवायच्या आधी माती किती घट्ट बसलीय ते का मोजतात

१९५५ मध्ये थॉमस गोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने म्हटलं की चंद्रावर बारीक धुळीचे जाड थर असू शकतात, आणि मग उतरलेलं यान त्यात गडप होईल की काय अशी धास्ती बऱ्याच जणांनी घेतली. फेब्रुवारी १९६६ ला सोव्हिएत रशियाचं लूना ९ हे यान नीट उतरलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पण माती घट्ट किती, हे कळायचंच होतं. त्याच वर्षी डिसेंबरात लूना १३ ने गॅमा किरणांनी घनता मोजली तर आकडा आला घनसेंटीमीटरला ०.८ ग्रॅम, म्हणजे चक्क पाण्यापेक्षा हलकी!

मग अमेरिकेच्या अपोलो मोहिमा. अपोलो ११ च्या माती काढायच्या नळ्या हातोड्याने ठोकून आत घातल्या, पण त्यांचं तोंड आतल्या बाजूला निमुळतं होतं त्यामुळे माती आत जाताना दाबली जायची, मग आलेल्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा? अपोलो १५ ला रुंद, पातळ पत्र्याच्या नळ्या नेल्या आणि चित्र स्पष्ट झालं. वरच्या १५ सेंमीत सरासरी १.५० ग्रॅम, आणि ३० ते ६० सेंमी खोलीवर १.७४. वर भुसभुशीत, जरा खाली गेलं की एकदम गच्च.

आता रोव्हर, म्हणजे चंद्रावर फिरणारी गाडी, पाठवण्याआधी तिचं इथे पृथ्वीवर टेस्टिंग करतात, त्यात अशीच माती आणणं म्हणजे खरी डोकेदुखी. नकली माती पेटीत ओतली की ती कशीही बसते, आणि रोव्हर एकदा फिरला की चाकाखालची दबते, म्हणजे दुसऱ्या फेरीला जमीनच वेगळी. म्हणून दर वेळी उकरायची, सपाट करायची, हवी तेवढी दाबायची आणि मग टोकदार शंकू आत ढकलून खोलीप्रमाणे जोर किती वाढतो ते बघायचं. ठराविक मापाच्या डब्यात भरून वजन केलं तरी घनता निघते म्हणा, पण त्यासाठी माती उपसावी लागते, मग मोजलं कशाला?

इस्रोने चांद्रयान-२ साठी तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अॅनॉर्थोसाइट, म्हणजे चंद्राच्या उंच भागात असतो तसा फिकट दगड, दळून माती केली. आपल्या सह्याद्रीत काळा बेसाल्ट हवा तेवढा आहे, पण तो चंद्रावरच्या काळ्या मैदानांशी जुळणारा, आणि यान जाणार होतं दक्षिणेकडच्या उंच भागात. बंगळुरूला मातीची पेटी तयार झाली, रोव्हरचं वजन चंद्रावर एक षष्ठांश भरणार म्हणून त्याला हेलियमच्या फुग्याने उचलून धरलं. मातीचं काय? तिचे कण पृथ्वीचंच पूर्ण वजन घेऊन एकमेकांवर दाबून बसलेले, म्हणजे घनता तीच ठेवली तरी ती इथे जास्त दणकट वागते. नासाच्या ग्लेन सेंटरने म्हणूनच जीआरसी-१ ही आपली नकली माती बनवताना चंद्राच्या मातीतली खनिजं जुळवायचा नाद सोडला, वेगवेगळी साधी वाळू मिसळली आणि शंकूला होणारा विरोध चंद्रासारखा येईल इतकंच पाहिलं. मला तरी हाच मार्ग जास्त पटतो, कारण चाकाला खनिजांशी काय देणंघेणं, त्याला फक्त आपण किती रुततोय एवढंच कळतं.