पुढून राजवाडा, मागून ज्याचं त्याचं घर

इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं रॉयल क्रेसेंट समोरच्या हिरवळीवरून एकच लांबलचक राजवाडा वाटतं. प्रत्यक्षात ती चंद्रकोरीत बांधलेली, भिंतीला भिंत लागून असलेली ३० घरं आहेत. पहिल्या ते चौथ्या जॉर्ज राजांच्या काळात (१७१४ ते १८३०) इंग्लंडमध्ये अशी दगडी घरं उभी राहिली, त्यातलं हे सर्वांत ठसठशीत उदाहरण.

बाथला गरम पाण्याचे झरे. अठराव्या शतकात हंगामात तिथं जाणं ही बड्या लोकांची फॅशन झाली आणि त्यांना भाड्यानं ऐटदार घरं हवी झाली. दगड गावाशेजारीच होता. राल्फ ॲलन या उद्योजकाने बाथजवळच्या कूम डाउनच्या खाणी घेतल्या. तिथला मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड खाणीतून काढला की मऊ असतो, हवा तसा कापता येतो आणि वाळला की टणक होतो. वास्तुविशारद थोरल्या जॉन वुडने ‘सर्कस’ (गोलाकार मांडलेल्या घरांची रांग) आखलं, त्याच्याच नावाच्या वास्तुविशारद मुलाने १७६७ मध्ये क्रेसेंट सुरू केलं.

खरी गंमत बांधकामाच्या व्यवहारात आहे. धाकट्या वुडने ठरवून दिला तो फक्त दर्शनी भाग: ११४ स्तंभ, सारख्या खिडक्या, घडीव दगड. गिऱ्हाइकानं त्या दर्शनी भागाचा आपला तुकडा घ्यायचा आणि मागचं घर आपला माणूस लावून हवं तसं बांधायचं. त्यामुळे मागून पाहिलं की सोंग उघडं पडतं. छपरं वरखाली, खिडक्या वेड्यावाकड्या, कुणाची भिंत पुढे आलेली. मला तर ही मागची बाजूच जास्त प्रामाणिक वाटते.

घरातली उतरंड मजल्यांनुसार. तळमजल्यावर जेवणघर, त्यावर उंच खिडक्यांचा दिवाणखाना, वर शयनगृहं, पोटमाळ्यावर नोकर.

पहिल्या क्रमांकाच्या घरात आता संग्रहालय आहे. मधल्या काळात वेगळा पडलेला स्वयंपाकघराचा भाग २०१३ मध्ये त्याला पुन्हा जोडला गेला. त्याच्या खिडक्याही निरखून पाहाव्यात. त्या काळी मोठी काच करणं अवघड, म्हणून लाकडी पट्ट्यांत छोटी तावदानं बसवत. पुढे व्हिक्टोरियन काळात मोठ्या काचा मिळू लागल्या, तेव्हा अनेक शेजाऱ्यांनी पट्ट्या काढल्या, दिवाणखान्याच्या खिडक्या खालपर्यंत उतरवल्या. पहिल्या घरात मात्र खिडक्यांची जुनी उंची आणि तावदानं परत आणली आहेत.