वरिष्ठ वित्त अधिकाऱ्यांचे निरंतर व्यावसायिक शिक्षण

मुख्य वित्तीय अधिकारी, वित्त नियंत्रक, कोषप्रमुख, अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख अशा पदांवरील व्यक्तींनी पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन बराच काळ लोटल्यानंतरही आपले ज्ञान, कौशल्य आणि व्यावसायिक निर्णयशक्ती टिकवण्यासाठी सातत्याने घेतलेले शिक्षण म्हणजे निरंतर व्यावसायिक शिक्षण. ‘निरंतर व्यावसायिक विकास’ ही संज्ञाही याच अर्थाने वापरतात. तिच्यात वर्गाबाहेरचे, कामातून होणारे शिक्षणही धरलेले असते. बहुतेक सनदी व व्यवस्थापन लेखापालांच्या संस्थांनी सदस्यत्व टिकवण्यासाठी ते सक्तीचे केले आहे.

कनिष्ठ लेखापालाला रोज प्रत्यक्ष नोंदी कराव्या लागत असल्याने नियम बदलला की तो कामाच्या ओघातच त्याच्या हाताखालून जातो. वरिष्ठाचे तसे नसते. नोंदी इतर करतात, मसुदा इतर तयार करतात आणि त्याच्यापुढे येतो तो आकडा, तोही बहुधा गोळाबेरीज होऊन. सही मात्र त्याची असते. अमेरिकेतील २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या कलम ३०२ नुसार मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य वित्तीय अधिकारी यांना वित्तीय अहवाल व अंतर्गत नियंत्रणे यांविषयी स्वतः प्रमाणपत्र द्यावे लागते. हातून सुटलेल्या तपशिलाची जबाबदारी अशा रीतीने वाढत जाते, आणि चूक दाखवून देणारा माणूस मात्र वर जाल तसा दुर्मिळ होतो. या शिक्षणाची खरी गरज तेथून उद्भवते.

अमेरिकेत १९३१ मध्ये वित्त नियंत्रकांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तीच पुढे नाव बदलत फायनान्शियल एक्झिक्युटिव्ह्ज इंटरनॅशनल झाली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तर हार्वर्डचा वरिष्ठ व्यवस्थापकांसाठीचा निवासी कार्यक्रम १९४५ चा. हे सारे ऐच्छिक होते. सक्तीचा प्रवाह वेगळा, तो व्यावसायिक संस्थांमधून आला. आंतरराष्ट्रीय लेखापाल महासंघाच्या व्यवस्थेत २००४ मध्ये आलेल्या सातव्या आंतरराष्ट्रीय शिक्षण मानकाने त्याला जागतिक चौकट दिली. त्या मानकाच्या मूळ रूपात तासांवर आधारित पद्धतीसाठी तीन वर्षांत १२० तास, त्यांपैकी ६० तास पडताळता येण्याजोगे आणि दर वर्षी किमान २० तास, असे प्रमाण होते.

प्रत्यक्षात संस्थांची मापे निरनिराळी आहेत. असोसिएशन ऑफ चार्टर्ड सर्टिफाइड अकाउंटंट्स (एसीसीए) ही ब्रिटनस्थित लेखापाल संस्था दर वर्षी ४० एकके मागते. एक एकक म्हणजे एक तास, आणि त्यांपैकी २१ एककांचा पुरावा हाताशी असावा लागतो. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अकाउंटंट्स आपल्या प्रमाणित सदस्यांकडून वर्षाला ३० तास घेते, त्यांतले २ नीतिशास्त्राचे. अमेरिकेतील सार्वजनिक लेखापालांच्या हिशेबात तर शिक्षणाचा तास ५० मिनिटांचा धरला जातो. पुराव्यात हजेरीपत्रक, चाचणीचे गुण, वाचलेल्या प्रकाशनावरील टिपणे असे काहीही चालते. त्यामुळे डिसेंबर संपत आला की उरलेले तास भरण्यासाठी ध्वनिमुद्रित व्याख्याने एका खिडकीत लावून दुसऱ्या खिडकीत ईमेल पाहण्याची रीत या पेशात सर्वांच्या परिचयाची आहे.

तास मोजणे म्हणजे शिकणे मोजणे नव्हे, हा आक्षेप जुना आहे. त्यावर उपाय म्हणून परिणामाधारित पद्धत पुढे आली. सदस्याने आपली भूमिका पाहून स्वतःची उणीव ठरवावी, ती भरून काढावी आणि कामात काय फरक पडला ते लिहून ठेवावे, अशी ती मांडणी. इंग्लंड आणि वेल्समधील सनदी लेखापालांची संस्था बरीच वर्षे याच पद्धतीची पुरस्कर्ती होती. तिने १ नोव्हेंबर २०२३ पासून मात्र कामाच्या स्वरूपानुसार किमान तास ठरवून दिले आणि नीतिशास्त्राचा निदान एक तास सर्वांना लागू केला. परिणामाधारित पद्धत कल्पना म्हणून अधिक सुसंगत असली, तरी ज्याला आपली उणीव जाणवत नाही तो ती लिहिणार कशी, हा तिचा कच्चा दुवा आहे. आणि वरिष्ठ पदावर नेमका हाच दोष अधिक संभवतो.

अभ्यासविषयांत लेखामानकांचा वाटा मोठा असतो. एकच मानक वरिष्ठाच्या कामावर कुठवर परिणाम करते, याचे चांगले उदाहरण म्हणजे १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेले भाडेपट्ट्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएफआरएस १६. एखाद्या कंपनीने पाच वर्षांसाठी दर वर्षअखेर १०० इतके भाडे देण्याचा करार केला असेल, तर पूर्वी दर वर्षी १०० खर्च दाखवून काम भागे. सहा टक्के दराने या भाड्याचे आजचे मूल्य सुमारे ४२१ होते. नव्या मानकानुसार तेवढी वापरहक्काची मालमत्ता आणि तेवढेच दायित्व ताळेबंदात येते. पहिल्या वर्षी घसारा सुमारे ८४.२ आणि व्याज सुमारे २५.३ मिळून खर्च १०९.५ होतो, पाचव्या वर्षी तो ८९.९ वर उतरतो. व्याज, कर व घसाऱ्यापूर्वीचा नफा मात्र भाडे त्यातून बाहेर पडल्यामुळे दर वर्षी १०० ने वाढलेला दिसतो. रोकड एका पैशानेही बदललेली नाही. तरी कर्जकरारातील गुणोत्तरे, अधिकाऱ्यांच्या बक्षिसाचे सूत्र आणि विश्लेषकांना दिलेला अंदाज, सारे हलते. हे गणित खात्यातील कोणीही करू शकतो. कर्ज देणाऱ्या बँकेशी कधी बोलायचे आणि संचालक मंडळाला आधी काय सांगायचे, हे वरिष्ठालाच समजावे लागते.

अलीकडच्या विषयांत शाश्वततेविषयीच्या प्रकटीकरणाची जून २०२३ मधील दोन मानके, नफातोटा पत्रकाची मांडणी बदलणारे आणि १ जानेवारी २०२७ पासून लागू होणारे आयएफआरएस १८, ७५ कोटी युरो वा अधिक उलाढालीच्या बहुराष्ट्रीय समूहांसाठी १५ टक्के किमान कराची व्यवस्था, सायबर सुरक्षा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा समावेश होतो. यांतील शेवटच्या दोहोंवरचे अभ्यासक्रम उदंड झाले आहेत आणि त्यांचा दर्जा फार विषम आहे.

नवे ते शिकण्याच्या घाईत जुने विसरले जाते, याकडे मात्र कमी लक्ष असते. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेने कमी व्याजदराच्या काळात दीर्घ मुदतीच्या रोख्यांत मोठी गुंतवणूक केली होती. २०२२ मध्ये दर झपाट्याने चढले आणि रोख्यांचे मूल्य घसरले. ८ मार्च २०२३ रोजी बँकेने सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा सोसल्याचे जाहीर केले. १० मार्चला ती बंद झाली. व्याजदर वाढला की रोख्याची किंमत उतरते, हा वित्तशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा धडा. बँकेच्या मंडळाने व व्यवस्थापनाने जोखीम सांभाळली नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये काढला. तासांच्या कोणत्याही तक्त्यात ‘उजळणी’ नावाचा रकाना सहसा नसतो.

नीतिशास्त्राच्या शिक्षणाचा प्रश्न याहून अवघड आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने अर्न्स्ट अँड यंग या लेखापरीक्षण संस्थेला १० कोटी डॉलरचा दंड केला. संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी पात्रता परीक्षेचा नीतिशास्त्राचा भाग आणि निरंतर शिक्षणाच्या चाचण्या कॉपी करून उत्तीर्ण केल्या होत्या. एन्रॉन किंवा वर्ल्डकॉम या अमेरिकी कंपन्यांच्या हिशेबी घोटाळ्यांतील वित्तप्रमुखांना नियम ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच या विषयात कलमे घोकण्यापेक्षा दबावाच्या प्रसंगांची चर्चा अधिक उपयुक्त ठरते. तिमाहीचा नफा अपेक्षेहून थोडा कमी पडतो आहे, कंपनीचा प्रमुख ‘काही करता येईल का’ एवढेच विचारतो, आणि एका तरतुदीचा, म्हणजे संभाव्य खर्चासाठी हिशेबात धरलेल्या रकमेचा, अंदाज दोन्हीकडे झुकू शकतो. अशा प्रसंगात कोणत्या शब्दांत नकार द्यायचा, याचा सराव वर्गातही करता येतो.

शिकण्याच्या रीतींत प्रकरण-अभ्यास, विद्यापीठांचे अल्पकालीन निवासी वर्ग आणि दूरस्थ अभ्यासक्रम रूढ आहेत. अनुभवी अधिकारी त्यांपेक्षा समपदस्थांच्या छोट्या गटाला अधिक मोल देतात. परस्परांशी स्पर्धा नसलेल्या उद्योगांतील आठ-दहा वित्तप्रमुख गोपनीयतेच्या अटीवर भेटतात आणि आपापल्या अडचणी मांडतात. कार्यालयात ‘मला हे कळलेले नाही’ असे म्हणणे जड जाते, येथे जात नाही. लेखापरीक्षकाशी झालेला मतभेद लिहून काढून त्याचा माग मानकाच्या मूळ परिच्छेदापर्यंत काढणे हाही उत्तम अभ्यास होय, जरी त्याचे प्रमाणपत्र मिळत नसले तरी. व्याख्यान देणाऱ्याला तयारीचे तास मोजू देण्याची सवलत बऱ्याच संस्था देतात, आणि ती रास्त आहे.

ही सारी सक्ती सदस्यत्वाला चिकटलेली आहे, पदाला नव्हे. व्यवस्थापनाची पदवी घेऊन किंवा गुंतवणूक बँकेतून थेट वित्तप्रमुख झालेली व्यक्ती कोणत्याही लेखापाल संस्थेची सदस्य नसेल, तर तिने वर्षात किती शिकावे हे विचारणारी संस्था सहसा नसते. संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीचीही तीच स्थिती आहे. सार्बेन्स-ऑक्सलीच्या कलम ४०७ नुसार समितीत वित्ततज्ज्ञ आहे की नाही, आणि नसल्यास का नाही, हे अमेरिकेतील सूचीबद्ध कंपनीला जाहीर करावे लागते. तज्ज्ञ कोणाला म्हणावे याचे निकष नियमांत दिलेले आहेत, पण ते तज्ज्ञत्व ताजे ठेवण्यासाठी तासांची कोणतीही अट त्यांत नाही.