विजेची स्कूटर दिसते तीच, चालते वेगळी

पेट्रोलची स्कूटर चालवता येत असेल तर विजेचीही येते, असं शोरूममध्ये सांगतात आणि घरातही. आरसे, इंडिकेटर, ब्रेकचे खटके, सगळं जागच्या जागी असतं, त्यामुळे पहिल्या फेरीत ते खरंही वाटतं. पण पेट्रोलच्या गाडीवर वर्षानुवर्षं बसून हाताला आणि कानाला ज्या सवयी लागतात, त्या इंजिनावर बेतलेल्या असतात. इंजिनच गेलं की त्या सवयींच्या भरवशावर राहता येत नाही. पुण्यात आता प्रत्येक सिग्नलला दोन-चार हिरव्या नंबरप्लेटा दिसतात. ही गाडी नेमकी कुठे वेगळी वागते, हे चालवणाऱ्याला माहीत असणं म्हणूनच फार गरजेचं झालं आहे.

आधी हाताचं बघू. पेट्रोलच्या स्कूटरला ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचे फेरे वाढतात, मग पट्ट्यातून जोर मागे जातो, मग क्लच पकडतो आणि मागचं चाक फिरू लागतं. यात क्षणभर वेळ जातो, आणि चुकून जास्त पिळला गेला तर त्या क्षणात हात सैल करता येतो. विजेच्या मोटरला हा उशीर नाही. तिचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, शून्य वेगापासूनच मिळतो. बाजारातल्या दमदार गाड्या सव्वातीन-साडेतीन सेकंदांत ताशी ४० किलोमीटरचा वेग गाठतात. म्हणजे वेग दर सेकंदाला साधारण ताशी १२ किलोमीटरने वाढतो.

कोरड्या डांबरावर चाक हे पेलतं. पण जूनच्या पहिल्या पावसात, उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्त्यावर पसरते, तेव्हा टायरची पकड निम्म्यावर येते. झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर, ड्रेनेजच्या लोखंडी झाकणावर, पेव्हर ब्लॉकवर ती आणखी कमी होते. मागच्या चाकावर गाडीचा आणि माणसाचा मिळून साधारण दोन तृतीयांश भार असतो असं धरलं, तर ओल्या रंगावर ते चाक जेमतेम दर सेकंदाला ताशी सहा-सात किलोमीटर इतकाच वेग वाढवू शकतं. मोटर मागते बारा, रस्ता देतो सात. उरलेला जोर चाक जागच्या जागी फिरवण्यात जातो आणि गाडी आडवी होते. सिग्नल सुटताना आपण बहुतेक वेळा झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवरच उभे असतो, हे लक्षात घेतलं की पावसाळ्यात गाडी ‘इको’ मोडवरच का ठेवावी, हे वेगळं सांगावं लागत नाही. काही नव्या गाड्यांत चाकाचं घसरणं ओळखून मोटरचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा आली आहे. नवी गाडी घेताना रेंज आणि बूट स्पेस विचारतो, तसं हेही जरूर विचारावं.

हाच तत्काळ मिळणारा जोर पार्किंगमध्येही घात करतो. आई गाडी सुरू करून दप्तर अडकवायला किंचित मागे वळते. पुढे पायरीवर उभं असलेलं चार-पाच वर्षांचं पोर दोन्ही मुठी धरून आहे. गाडी चालू आहे हे सांगणारा आवाज नाही, थरथर नाही, डिस्प्लेवर फक्त एक हिरवं अक्षर आहे. पोराची मूठ फिरते आणि गाडी समोरच्या भिंतीवर. घरात मुलं असतील तर नियम एकच: आपण दोन्ही पाय रोवून बसल्याशिवाय आणि हात मुठींवर असल्याशिवाय गाडी ‘रेडी’ करायची नाही, आणि उतरायच्या आधी ती बंद करायची, मग ते उतरणं दोन सेकंदांसाठी का असेना.

आता कानाचं. इंजिनाचा आवाज आपल्याला सतत वेग सांगत असतो, आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही. तो आवाज काढून घेतला की माणूस स्वतःचा वेग कमी समजतो, हे वाहनचालकांवरच्या प्रयोगांत दिसून आलं आहे. चाळीस वाटतात तेव्हा काटा त्याच्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे पहिले काही आठवडे तरी स्पीडोमीटरकडे मुद्दाम नजर टाकायची सवय लावून घ्यावी लागते.

दुसरा कान पायी चालणाऱ्याचा. सदाशिव पेठेतल्या किंवा कसब्यातल्या बोळात माणसं मागे वळून बघत नाहीत, कानावर विसंबून चालतात. म्हातारी माणसं तर रस्ता ओलांडतानाही आधी ऐकतात, मग बघतात. अंध व्यक्तींना तर आवाजाशिवाय दुसरा आधारच नाही. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ या काळातल्या अपघातांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडला: तेवढ्याच अंतरामागे विजेच्या आणि हायब्रिड मोटारींनी पादचाऱ्याला धडक देण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या मोटारींच्या सुमारे दुप्पट होतं, आणि हा फरक शहरांत जास्त होता. अभ्यास मोटारींचा आहे, स्कूटरचा नाही. पण कारण सांगायचं तर शांतपणा हे त्यातलं एक ठळक कारण, आणि स्कूटर तर मोटारीपेक्षाही कमी आवाज करते. युरोपात विजेच्या नव्या मोटारींना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज काढणं बंधनकारक आहे. त्याहून जास्त वेगात टायरचाच आवाज ऐकू येऊ लागतो. दुचाकीला मात्र तो नियम नाही.

मग जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. पादचाऱ्याने आपल्याला ऐकलेलं नाही असंच धरून चालायचं. बोळात पळत्या माणसाच्या वेगाने जायचं, माणसाच्या बाजूने जाताना हातभर नव्हे तर चांगलं मीटरभर अंतर ठेवायचं, आणि लांबूनच एकदा हलका हॉर्न द्यायचा. अगदी जवळ जाऊन दिलेल्या हॉर्नने माणूस दचकतो आणि नेमका चाकासमोर येतो. शांत गाड्यांमुळे शहराचा गोंगाट कमी होणार आहे, ही मला या बदलातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. तिची किंमत पायी चालणाऱ्याने मोजू नये.

ब्रेकच्या बाबतीत थोडं गणित करायला हवं. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात १४ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी १६ मीटर लागतात, म्हणजे एकूण ३०. ओल्या रस्त्यावर हाच आकडा चाळिशी ओलांडतो. वेग ताशी २५ असेल तर मात्र कोरड्या रस्त्यावर ११ मीटरमध्ये काम भागतं. वेग निम्मा झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर निम्मं नाही, एक चतुर्थांश होतं.

थांबताना भार पुढे झुकतो आणि जोरदार ब्रेकच्या वेळी जवळजवळ तीन चतुर्थांश वजन पुढच्या चाकावर येतं. त्यामुळे खरं थांबवण्याचं काम पुढचा ब्रेक करतो. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, ही भीती आपल्याकडे शिकवतानाच मनात भरवली जाते. दोन्ही ब्रेक एकदम, झटका न देता वाढत्या दाबाने लावायचे, चाक सरळ असताना लावायचे, आणि याचा सराव रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर करायचा.

विजेच्या गाडीत याशिवाय एक तिसरा ब्रेक असतो, तो म्हणजे रीजन. मूठ सोडली की मोटर उलट काम करू लागते, चाकाच्या गतीपासून वीज बनवते आणि बॅटरीत भरते. गाडी आपोआप मंदावते. सोय चांगली आहे, पण तिला तीन मर्यादा आहेत. ती बहुधा फक्त मागच्या चाकावर चालते, त्यामुळे ओल्या वळणावर मूठ एकदम सोडली तर मागचं चाक सरकू शकतं. काही गाड्यांत रीजनच्या वेळी मागचा लाल दिवा लागत नाही, त्यामुळे मागून येणाऱ्याला आपण मंदावलो हे कळत नाही. आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून रीजन जवळजवळ बंद होतं. लोणावळ्यात रात्रभर चार्ज करून सकाळी जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्याला ही तिसरी मर्यादा पहिल्याच उतारावर कळते, कारण रोज मूठ सोडल्यावर मंदावणारी गाडी तिथे मंदावत नाही. बॅटरी तळाला गेल्यावरही गाडी वेगळी वागते. शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत बऱ्याच गाड्या वेग आपणहून कमी करतात. नवले पुलासारख्या ठिकाणी, ट्रकच्या रांगेत, अशी गाडी घेऊन शिरू नये.

कायद्याचं थोडक्यात. मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा असेल तर त्या गाडीला नोंदणी लागत नाही आणि चालवायला लायसन्सही लागत नाही. त्यापुढच्या सगळ्या गाड्यांना नंबर, विमा, लायसन्स, हेल्मेट, सगळं लागतं. छोट्या गाडीचा वेग गॅरेजमध्ये वाढवून घेणं बेकायदा तर आहेच, पण तिचे ब्रेक, टायर आणि बॅटरी त्या वेगासाठी बनवलेले नसतात, हे त्याहून गंभीर आहे.

छोट्या गाडीवर हेल्मेट कशाला, हा प्रश्न मात्र मनातून काढून टाकावा. उभ्या स्कूटरवरून नुसता तोल गेला तरी डोकं दीड मीटरवरून खाली येतं आणि जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. कवटीवरच्या कातडीच्या दोनेक मिलिमीटरमध्ये ते थांबलं तर मेंदूला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५० पट धक्का बसतो. हेल्मेटच्या आतलं थर्मोकोलसारखं फोम दोन सेंटिमीटर दबलं तर तोच धक्का ७५ पट होतो. हेल्मेटचं सगळं शास्त्र या दोन सेंटिमीटरमध्ये आहे. म्हणून पातळ टोपीवजा हेल्मेट निरुपयोगी, पट्टा न लावलेलं निरुपयोगी आणि एकदा आपटलेलंही निरुपयोगी, कारण दबलेलं फोम परत फुलत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मोटरसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. मागे बसणाऱ्या माणसाचं डोकंही तेवढ्याच उंचीवरून पडतं.

राहिली बॅटरी. २०२२ च्या मार्चमध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, आणि त्याच सुमारास तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या धुराने बाप-लेकीचा जीव गेला. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं ‘एआयएस १५६’ हे मानक कडक झालं आणि १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. ही मानकं तयार करण्यात पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचा मोठा वाटा असतो. आजच्या गाड्या त्यामुळे बऱ्याच सुरक्षित आहेत.

लिथियम सेलमध्ये दोन ध्रुवांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. तो १३० अंशांच्या आसपास वितळतो, आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, उष्णता वाढते आणि शेजारचा सेल पेटतो. काही प्रकारच्या सेलमधून त्या वेळी ऑक्सिजनही सुटतो, म्हणून आग नुसती गुदमरवून विझत नाही. म्हणून दुपारच्या उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नये, गाडी निवू द्यावी. चार्जर कंपनीचाच, सॉकेट अर्थिंग असलेला, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नाही. जिन्याखाली किंवा घराच्या दारातच चार्जिंग पॉइंट घेऊ नये, कारण काही झालं तर बाहेर पडायची वाटच अडते. सुटी निघणारी बॅटरी रात्री झोपायच्या खोलीत चार्ज करणं मला अजिबात पटत नाही. धूर दिसला तर बॅटरी उचलायला जायचं नाही, माणसांना बाहेर काढायचं आणि १०१ ला फोन लावायचा.

आणि पाणी. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातल्या रस्त्यावर लावलेल्या गाड्या बुडतात. ‘आयपी ६७’ हा शिक्का एक मीटर स्वच्छ, स्थिर पाण्यात अर्धा तास टिकण्याचा असतो. नदीच्या गाळात रात्रभर राहण्याचा नसतो. आत शिरलेल्या पाण्यातले क्षार वाळल्यावर मागे उरतात आणि विजेला नको तिथून वाट करून देतात, त्यामुळे बिघाड काही दिवसांनीही होऊ शकतो. बुडालेली गाडी सुरू करून बघू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. ती इमारतीपासून दूर, उघड्यावर ठेवावी, टेंपोत घालून सर्व्हिस सेंटरला न्यावी, आणि बॅटरीचं इन्सुलेशन तपासल्याचा अहवाल लेखी मागून घ्यावा.