डेटा रेस गेली, रेस कंडिशन उरली

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात परवा एका पोराने तोंड पाडून विचारलं, "सर, लॉक लावलाय की! तरी फाइल खराब कशी होऊलालीय?" त्याने दुरुस्त केली होती ती डेटा रेस. बग होता रेस कंडिशनचा. दोन्ही नावं आपण एकाच दमात घेतो, घोळ तिथूनच सुरू होतो.

दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामची एकदम चालणारी कामं) एकाच वेळी मेमरीतल्या एकाच जागेला हात घालतात, निदान एक तिथे लिहीत असतो आणि मध्ये लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) वगैरे काही नसतं, ती डेटा रेस. कोण आधी पोचलं यावर उत्तर बरोबर की चूक हे ठरत असेल, तर ती रेस कंडिशन.

गणपत गल्लीतलं कुंद्याचं दुकान धरा. दोन पोरं पार्सल बांधतायत, पाटी एकच. पार्सलचा नंबर पाटीवर लिहायचा, मग बघून डब्यावर उतरवायचा. मालकाने नियम केला: पाटीला एका वेळी एकच जण. अक्षरं एकमेकांत मिसळायची थांबली. पण पहिल्याने ४० लिहिलं, डबा घ्यायला वळला, तेवढ्यात दुसऱ्याने पुसून ४१ केलं. खानापूरचा डबा निघाला निपाणीला.

आमच्या पोराच्या डिस्क एन्क्रिप्शनच्या (डिस्कवरचा मजकूर गुप्त करून ठेवायच्या) कोडमध्ये नेमकं हेच. एक्सटीएस नावाच्या एन्क्रिप्शन पद्धतीत सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) एन्क्रिप्ट करताना त्याचा नंबरही धरतात, म्हणून सारखाच मजकूर दोन सेक्टरांत वेगळा दिसतो. त्या नंबरासाठी पठ्ठ्याने सगळ्या थ्रेडना मिळून एकच जागा ठेवलेली. लिहिताना लॉक, वाचताना लॉक, मधली फट उघडीच. सेक्टर ४०चा डेटा ४१च्या नंबराने एन्क्रिप्ट होऊन डिस्कवर बसायचा. एक्सटीएस डेटाची सत्यता तपासत नाही, त्यामुळे वाचताना एरर येत नाही, नुसता कचरा येतो. तोही लगेच नाही! पेज कॅशमध्ये, म्हणजे सिस्टमने मेमरीत धरलेल्या फाइलच्या प्रतीत, मूळ मजकूर शाबूत असतो. मशीन रीस्टार्ट झालं की रडारड.

लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टमच्या गाभ्यात) ५.८ (२०२०) पासून केसीसॅन नावाचं तपासणीचं साधन आहे. ते डेटा रेस शोधतं, इथे मात्र गप्प बसलं, कारण लॉक जागच्या जागी होते. उलट, लॉक न लावलेल्या, अंदाजापुरत्या मोजणीच्या काउंटरवर ते ओरडेल, आणि तिथे एखादा आकडा हुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

नंबर लिहिणं आणि वाचणं या दोन्ही पायऱ्यांना मिळून एक लॉक लावला तर बग जातो, पण सगळे थ्रेड एका रांगेत उभे राहतात. मला ते पटत नाही. लिनक्सच्या डीएम-क्रिप्टमध्ये (डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या भागात) वाचण्या-लिहिण्याच्या प्रत्येक विनंतीला स्वतःचा कॉन्टेक्स्ट (माहिती ठेवायची वेगळी जागा) असतो, सेक्टर नंबर त्यातच. ज्याची त्याची पाटी.

पोराला म्हटलं, आधी दोन पायऱ्यांमध्ये मुद्दाम डिले घाल, बग हमखास येऊ दे, मग दुरुस्त कर. त्याने तसं केलं, कॅश रिकामी करून फाइल परत वाचली. जशीच्या तशी आली. डिले काढायला मात्र तो विसरला होता.