शाखेत लॉगिन चालतं, पासवर्ड का बदलत नाही?

शहाद्याच्या शाखेत सकाळी सगळ्यांचं लॉगिन व्यवस्थित होतं. पासवर्ड बदलायला गेलं की मात्र सर्व्हर सापडत नाही, कारण मुख्य सर्व्हर असलेल्या जळगावची लाइन पडलेली असते. मग मुख्यालयाला फोन जातो: अख्खा सर्व्हर इथं आणून ठेवलाय, त्याला एवढंही जमू नये? खानदेशभर शाखा असलेल्या संस्थांत कर्बरॉस, म्हणजे नेटवर्कवर माणसाची ओळख तपासणारी लॉगिनची पद्धत, वापरली, की हा वाद कधी ना कधी निघतोच.

कर्बरॉस १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आवारात घडलं. १९८८ मधल्या त्याच्या वर्णनात प्रतींची पद्धत अगदी सरळ आहे. मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस दर तासाला पूर्ण उतरवायचा, बॅकअप सर्व्हरांकडे जसाच्या तसा पाठवायचा आणि चेकसम (फाइल बदलली नाही हे पडताळणारा आकडा) जुळला तरच तिथं चढवायचा. तिकिटं (लॉगिन झाल्यावर मिळणारे ओळखीचे पास) कुठलाही सर्व्हर देईल, नोंदीत बदल फक्त मुख्य सर्व्हर करील. तो बंद पडला तर बदल थांबतील, लॉगिन थांबणार नाही. हा सौदा तेव्हाच जाणूनबुजून केलेला होता.

आपल्याकडे हे सगळं पोचलं तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढं, वीज गेलेली, यूपीएस कण्हतोय. त्या काळात बॅकअप सर्व्हर ही चैन नव्हती. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत) एक ओळ असायची: आधी डम्प, म्हणजे डेटाबेस फाइलमध्ये उतरवणं, मग ती फाइल पाठवणारा केप्रॉप. पलीकडे बॅकअप सर्व्हरवर ती घेणारा केप्रॉपडी ७५४ पोर्टवर ऐकत बसलेला. मधेच लाइन तुटली तर पाठवणं फसायचं आणि पुढच्या फेरीपर्यंत जुनी प्रत चालू राहायची. एका माणसाचा पासवर्ड बदलला तरी हजारो नोंदींची फाइल पुन्हा जायची. २००९ मध्ये कर्बरॉसच्या १.७ आवृत्तीत फक्त बदल पाठवायची सोय आली. बॅकअप सर्व्हर ठरावीक वेळानं विचारतो, नवीन काय? न सांगितल्यास दर दोन मिनिटांनी. फार मागं पडला असेल, तर पुन्हा सगळा डेटाबेस घ्यावा लागतो.

यानं उशीर घटला. लिहिण्याचा अधिकार होता तिथंच राहिला. वाद नेमका इथं आहे.

समजा, शहाद्यातल्या एका शिक्षकानं सकाळी पासवर्ड बदलला आणि शाखेतल्या प्रतीत तो पोचायच्या आत लाइन गेली. आता शहाद्याचा सर्व्हर नवा पासवर्ड नाकारतो, जुना घेतो. लाइन चालू असती तर क्लायंटनं (शिक्षकाच्या संगणकानं) नकार मिळाल्यावर मुख्य सर्व्हरला एकदा विचारून पाहिलं असतं आणि शिक्षकाला काही कळलंही नसतं. शाखावाले म्हणतात, दोन्हीकडे लिहू द्या, कटकट मिटेल. पण लाइन तुटलेली असताना धुळ्यात एकानं खातं बंद केलं आणि शहाद्यात दुसऱ्यानं त्याच खात्याचा पासवर्ड बदलला, तर लाइन जोडल्यावर खरं कुणाचं? पासवर्डच्या बाबतीत 'नंतरचं ते खरं' म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं.

विंडोज २००० सोबत आलेल्या, लोकांची खाती सांभाळणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीनं हेच धाडस केलं. तिच्या आधीच्या विंडोज एनटीत लिहिणारा एकच होता. या डिरेक्टरीत मात्र कुठल्याही डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, पासवर्ड बदलता येतो. तरी तो बदल एका ठरलेल्या कंट्रोलरला लगेच कळवला जातो, आणि दुसरीकडे पासवर्ड चुकीचा वाटला तर नाकारण्याआधी त्यालाच विचारलं जातं. म्हणजे फिरून मोठ्या भावाकडेच. पुढं २००८ मध्ये तर शाखांसाठी फक्त वाचता येणारा कंट्रोलर आला. त्यावर निवडक लोकांचेच पासवर्ड ठेवता येतात.

या शेवटच्या गोष्टीकडं आपल्याकडे लक्ष जात नाही. कर्बरॉसच्या प्रतीत सगळ्यांच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्डपासून बनलेली गुपितं, असतात. त्या मास्टर किल्लीनं बंद असल्या, तरी सर्व्हर आपोआप सुरू व्हावा म्हणून तीही बहुधा स्टॅश नावाच्या फाइलमध्ये शेजारीच ठेवलेली असते. शाखेत प्रिंटरच्या कागदांशेजारच्या कपाटातला तो डबा चोरीला गेला, तर गेला तो सगळ्या संस्थेचा डेटाबेस. 'आमच्याकडेही लिहू द्या' म्हणणाऱ्यांनी आधी त्या कपाटाला कुलूप लावावं.

चुकीच्या प्रयत्नांची मोजणी हाही एक गुंता. ती प्रत्येक सर्व्हर आपापली ठेवतो, प्रतींबरोबर जात नाही. पाच चुकांनंतर खातं बंद असा नियम असेल आणि सर्व्हर तीन असतील, तर अंदाज मारणाऱ्याला पंधरा संधी मिळू शकतात.

मुख्य सर्व्हर कायमचाच गेला, तर कर्बरॉस दुसरा आपणहून निवडत नाही. एका बॅकअपवर प्रशासनाची सेवा सुरू करायची, प्रती पाठवायचं काम तिथून लावायचं, डीएनएसमधलं (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतलं) मुख्य सर्व्हरचं नाव तिकडे फिरवायचं, आणि जुना सर्व्हर अचानक जिवंत होऊन आपली शिळी प्रत वाटत सुटणार नाही याची खात्री करायची. हे सगळं माणसानं हातानं करायचं असतं. धुळ्याचा बॅकअप सर्व्हर त्यासाठी तयार ठेवलेला असतो, पण हे करून पाहिलेला माणूस बहुतेक संस्थांत एकच असतो, आणि तो जळगावला बसतो.