स्प्लॅटर विनोदपट, जपानी

स्प्लॅटर विनोदपट, जपानी : रक्तपात आणि अंगविच्छेद यांच्या अतिशयोक्त चित्रणातून हसू निर्माण करणारा अल्पखर्ची जपानी चित्रपटप्रकार. साधारणपणे २००५ ते २०१२ हा त्याच्या भराचा काळ मानता येईल. ‘स्प्लॅटर’ म्हणजे शिंतोडे उडणे. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी १९७८ च्या सुमारास आपल्या एका चित्रपटाच्या संदर्भात हा शब्द वापरला असे सामान्यतः मानतात. जॉन मॅकार्टी यांच्या १९८१ मधील पुस्तकाने तो रुळला.

या प्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार त्याची मुळे देशी आहेत. या मताचे अभ्यासक एदो काळाच्या अखेरीच्या ‘मुझान-ए’ म्हणजे क्रूरचित्रांपासून सुरुवात करतात. योशितोशी आणि योशिइकु या चित्रकारांनी १८६६–६७ मध्ये प्रत्येकी १४ अशी २८ काष्ठमुद्राचित्रे केली. त्यांतील काहींत तांबड्या रंगात सरस मिसळून साकळलेल्या रक्ताची चिकट चकाकी आणली आहे. काबुकी रंगभूमीवरील ‘कोरोशिबा’ म्हणजे खुनाचे प्रवेशही याच परंपरेत धरले जातात. तेथे खून उरकायचा नसतो, ठरीव पवित्र्यांनी लयीत रंगवायचा असतो. १९२०–३० च्या दशकांतील ‘एरो गुरो नान्सेन्सु’ (शृंगारिक, विद्रूप, निरर्थक) या लाटेत किळस आणि थट्टा शेजारी येऊन बसल्या, असेही सांगतात.

दुसऱ्या मतानुसार हा प्रकार उसना आहे. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटींवरून अमेरिकन भयपट जपानी घरांत पोहोचले आणि ते पाहून वाढलेल्या पिढीने त्यांची हौशी नक्कल केली. शिनिची फुकाझावा यांचा पिळदार शरीराच्या नायकाचा भूतपट हे याचे ठळक उदाहरण. तो ८ मिमी फिल्मवर १९९५ च्या सुमारास सुरू झाला आणि पूर्ण रूपात प्रेक्षकांपुढे यायला दीड दशकाहून अधिक काळ लागला.

दोन्ही मतांत तथ्य आहे. पण काष्ठचित्रांपासून थेट २००८ पर्यंत धागा ओढणे धाडसाचे ठरते. मधला दुवा सामुराईपटांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. अकिरा कुरोसावा यांच्या ‘सान्जुरो’ (१९६२) या चित्रपटाच्या अखेरीस दोन तलवारबहाद्दर बराच वेळ निश्चल उभे राहतात. मग एकच वार होतो आणि रक्ताचे कारंजे उसळते. तेथे हसू नाही, सुन्नपणा आहे. पुढे १९७२–७४ मधील ‘कोझुरे ओकामी’ या सामुराईपटांच्या मालिकेने हीच चिळकांडी नेमाची करून टाकली. जे नेमाचे झाले त्याचा संकेत बनतो, आणि संकेत ताणला की हसू येते. नोबुहिको ओबायाशी यांच्या ‘हाउसु’मध्ये (१९७७) पियानो एका मुलीला गिळतो तरी तिची तुटलेली बोटे पट्ट्यांवर फिरतच राहतात, या प्रकाराचे बीज तेथे स्पष्ट दिसते.

नोबोरू इगुची यांचा ‘द मशीन गर्ल’ आणि योशिहिरो निशिमुरा यांचा ‘टोकिओ गोर पोलीस’ (दोन्ही २००८) या चित्रपटांनी प्रकाराला निश्चित रूप दिले. पहिल्याची रक्तकरामतही निशिमुरा यांचीच. त्यात शाळकरी नायिका आमी हिचा हात भज्याच्या पिठासारख्या घोळात बुडवून उकळत्या तेलात सोडतात आणि तो कुरकुरीत टेंपुरा होऊन बाहेर येतो. पुढे तोडलेल्या हाताच्या जागी गॅरेजवाल्या दांपत्याच्या मदतीने मशीनगन बसते. इगुची यांच्याच ‘रोबोगेइशा’मध्ये (२००९) चालता किल्ला शहर तुडवतो तेव्हा इमारतींमधूनच रक्त उडते. या एका दृश्यात साऱ्या प्रकाराचे मर्म आहे : रक्त येथे जखमेचे उरलेले नाही, ते विरामचिन्हासारखे वापरले आहे.

या गोडीची मीमांसा बहुधा ‘इतके वाईट की चांगले’ अशा शेऱ्यावर थांबते. तो शेरा अपुरा आहे. आपल्या रसशास्त्रातून पाहिले तर गोष्ट अधिक उलगडते. ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्रग्रंथात विश्वनाथाने हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण हे दोनच रस सांगितले आहेत, बीभत्स त्या यादीत नाही. हे चित्रपट नेमके तेच दोन रस वगळतात. हात तुटलेले पात्र विव्हळत पडत नाही, संवाद पुरा करते; म्हणून करुण उमटत नाही. रबरी कातडीची शिवण आणि रक्त उडवणाऱ्या नळीचा दाब दिसत राहतो. म्हणून भयानकही टिकत नाही. मागे राहतो तो बीभत्स, आणि त्याचे हास्याशी वैर नाही. ‘नाट्यशास्त्रा’ने बीभत्साचे रक्तादींमुळे होणारा क्षोभज आणि विष्ठा-कृमींमुळे होणारा उद्वेगी असे भेद केले आहेत. निशिमुरा पहिल्यात रमतात, इगुची दुसऱ्यातही.

अल्पखर्चीपणा हे येथे वैगुण्य नव्हे. साखरेचा पाक आणि खाण्याचा रंग यांचे बनावट रक्त (जपानीत ‘चिनोरी’) स्वस्त असते, म्हणून ते बादल्यांनी ओतता येते; भिजलेला नट खरोखरच घसरतो आणि ते पडद्यावर कळते. संगणकीय रक्तात हा ओलावा नाही. काटकसरीपायी पुढे तेही याच चित्रपटांत शिरले, ही खेदाची बाब.

प्रेक्षक मुख्यतः परदेशी महोत्सवांतला. माँट्रिऑलचा फॅन्टेशिया आणि न्यूयॉर्क आशियाई चित्रपट महोत्सव येथील रात्रीच्या खेळांनी हा प्रकार जगवला. निशिमुरा स्वतः लंगोट नेसून मंचावर येत. मायदेशी होक्काइदोतील युबारी या जुन्या कोळसाखाणींच्या गावचा महोत्सव महत्त्वाचा. निक्कात्सु या चित्रपट कंपनीने २०१० मध्ये ‘सुशी टायफून’ ही शाखा काढली तीही परदेशी बाजार नजरेपुढे ठेवून. सुशी, गेइशा, निंजा, शाळेचा गणवेश हा ठरीव जपान परक्यांना विकला गेला, हा आक्षेप त्यामुळे रास्त ठरतो. तरुण अभिनेत्रींवर रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्याविषयीचा आक्षेप तर अधिकच गंभीर असून त्याचे समाधानकारक उत्तर या चित्रपटांत सापडत नाही.

२०१२ नंतर ओघ आटला. शिनिचिरो उएदा यांचा ‘कामेरा ओ तोमेरू ना!’ (‘कॅमेरा थांबवू नका!’, २०१७) सुमारे ३० लाख येनमध्ये झाला आणि देशभर गाजला. तो शिंतोड्यांचा चित्रपट नव्हे, ते शिंतोडे उडवणाऱ्या माणसांचा आहे. सुरुवातीच्या ३७ मिनिटांच्या सलग चित्रणामागची त्यांची धावपळ तो नंतर दाखवतो.