प्रकाशीय पुनःसक्रियण

अतिनील (जंबुपार) किरणांमुळे निकामी झालेली पेशी किंवा विषाणू दृश्य, विशेषतः निळ्या प्रकाशात पुन्हा कार्यक्षम होण्याची प्रक्रिया. अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच धाग्यावरचे शेजारचे दोन थायमिन घटक एकमेकांना जखडले जातात. फोटोलायेझ हे एंझाइम प्रकाशऊर्जा वापरून ही जोडी जागच्या जागी सोडवते. धाग्याचा तुकडा कापून काढावा लागत नाही.

शोध सामान्यतः १९४९ सालचा मानतात. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे ॲल्बर्ट केल्नर हे स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या जीवाणूच्या बीजाणूंवर अतिनील किरण सोडून उत्परिवर्तके (जनुकीय बदल झालेले जीवाणू) शोधत होते. मात्रा तीच, तरी जगणाऱ्या बीजाणूंचे प्रमाण दर खेपेला वेगळे येई. संशय आधी तापमानावर गेला. खरे कारण नमुन्यांवर पडणारा उजेड होता. त्याच सुमारास अमेरिकेतच ब्लूमिंग्टनला जीवशास्त्रज्ञ साल्वादोर लुरिया यांच्या प्रयोगशाळेत रेनातो दुल्बेको यांना जीवाणुभक्षी विषाणूंबाबत तेच आढळले: एकावर एक रचलेल्या बशांपैकी दिव्याच्या उजेडातल्या वरच्या बशीत विषाणूंनी पाडलेले डाग जास्त. दोघांची नावे जोडीने घेतली जातात, पण दुल्बेको यांनी स्वतःच्या निबंधात केल्नर यांचा आधीचा शोध नोंदवला आहे. त्यामुळे अग्रक्रम केल्नर यांना देणे सयुक्तिक. केळीच्या सालीवरचा अतिनील किरणांचा काळपटपणा दृश्य प्रकाशाने कमी होतो, हे निरीक्षण १९३३ मधले आहे. मात्र त्याला शोध म्हणणे ओढूनताणून होईल.

क्लॉड रुपर्ट व सहकाऱ्यांनी १९५८ च्या सुमारास ही क्रिया पेशीबाहेर, परीक्षानळीत घडवली. तुर्कस्तानात काही काळ ग्रामीण भागात डॉक्टरी केलेले अझीझ संजार पुढे डॅलसला रुपर्ट यांच्याकडे आले आणि १९७६ मध्ये त्यांनी ई. कोलाय या जीवाणूमधील फोटोलायेझचे जनुक क्लोन केले (वेगळे काढून त्याच्या प्रती बनवल्या). येल येथे ते उच्छेदन-दुरुस्तीकडे वळले. तीत जीवाणू खराब भागासह १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या धाग्यातल्या कड्यांचा) तुकडा कापून टाकतात. २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला त्यांचा वाटा मुख्यतः याच कामासाठी होता (सहमानकरी टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच). पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला, मात्र ते फोटोलायेझकडे परतले. एंझाइमला जोडलेला फोलेटवर्गी सहघटक प्रकाश शोषून ऊर्जा फ्लॅव्हिन या दुसऱ्या सहघटकाकडे देतो, आणि फ्लॅव्हिनकडून जोडीला इलेक्ट्रॉन मिळताच ती सुटते, हे चित्र बव्हंशी तेथे स्पष्ट झाले.

मानवात हे एंझाइम आहे का, यावर मतभेद होते. १९७४ मध्ये मानवी श्वेतपेशींत ते सापडल्याचा दावा झाला. १९९३ मध्ये संजार यांच्या गटाला ते आढळले नाही, आणि आज हेच मत ग्राह्य धरतात. शिशुधान (कांगारूसारख्या, पोटाला पिशवी असलेल्या) प्राण्यांत ते आहे, वार (अपरा) असलेल्या सस्तन प्राण्यांत नाही.

पोटोरू या शिशुधान प्राण्याचे फोटोलायेझ जनुक उंदरांत घातल्यावर, उजेडात ठेवलेल्या उंदरांमध्ये अतिनील किरणांची इजा घटल्याचे नेदरलँड्समधील प्रयोगांत दिसले. मेदपुटिकांत (मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत) भरलेले जीवाणूजन्य फोटोलायेझ माणसाच्या त्वचेला लावून उजेड दिल्यास थायमिन-जोड्या सुमारे ४० ते ४५ टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद २००० सालची आहे.